विश्लेषण : इंजिन ऑइलचा ब्रँड बदलला आणि सकाळी गाडी खडखडू लागली... दोष नेमका कोणाचा?

गाडीचे सर्व्हिसिंग झाले, नेहमीच्या ऑइलऐवजी दुसऱ्या कंपनीचे ऑइल भरले गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवताच इंजिनातून ‘टिक-टिक’ किंवा ‘खर्र’ असा आवाज आला, ही तक्रार गॅरेजमध्ये नेहमीची आहे. वाहनमालकाचा पहिला संशय अर्थातच नव्या ब्रँडवर जातो. काही जण लगेच हजारो रुपयांचे कोरे ऑइल काढून टाकतात. काही जण ‘नवीन ऑइल आहे, सेट होईल’ असे म्हणत आठवडेच्या आठवडे गाडी तशीच चालवतात. पहिल्या चुकीत पैसे जातात, दुसरीत कधी कधी अख्खे इंजिन. हा आवाज कुठून येतो, त्यात ब्रँडचा वाटा किती आणि गाडी लगेच बंद कधी करावी, याविषयी...

इंजिन सुरू करताना आत काय घडते?

इंजिन बंद केले की ऑइल हळूहळू खाली उतरते आणि तळाच्या भांड्यात, म्हणजे गॅरेजच्या भाषेत चेंबरमध्ये जमा होते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत कॅमशाफ्ट, टॅपेट, टायमिंग चेन या वरच्या भागांवर ऑइलचा केवळ पातळ थर उरतो. सकाळी सेल्फ मारताच ऑइल पंप फिरू लागतो. तो चेंबरमधून ऑइल ओढतो, फिल्टरमधून ढकलतो आणि क्रँकशाफ्टच्या बेअरिंगपासून वर सिलिंडर हेडपर्यंत पोहोचवतो. निरोगी इंजिनात या प्रवासाला एक-दोन सेकंद पुरतात.

या दोन सेकंदांचे महत्त्व मोठे आहे. बेअरिंगमध्ये फिरणारा दांडा धातूवर टेकून फिरत नाही, तो ऑइलच्या दाबावर तरंगतो. हे प्रथम लक्षात आले ते १८८३ मध्ये. टॉवर या ब्रिटिश अभियंत्याने रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करताना त्याला वरून एक भोक पाडले. बेअरिंग फिरू लागताच त्या भोकातून तेल बाहेर येऊ लागले. भोकात लाकडी बूच ठोकले, तर तेही बाहेर ढकलले गेले. फिरणारा दांडा स्वतःच तेलाला आपल्याखाली ओढून दाब निर्माण करतो, हे त्यातून दिसले. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याची गणिती मांडणी केली. दांडा फिरत नाही तोवर आणि पुरेसे ऑइल पोहोचत नाही तोवर हा तरंगता थर तयार होत नाही. तोपर्यंत धातूचे रक्षण करतो तो मागे राहिलेला पातळ थर आणि ऑइलमधील झीजरोधक रसायने.

आवाज येतो कुठून?

इंजिनातील काही भाग ऑइलच्या दाबावरच काम करतात. दाब नसेल तर ते सैल राहतात आणि वाजतात. यातला पहिला म्हणजे हायड्रॉलिक टॅपेट. व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातली फट हा टॅपेट आत ऑइल भरून घेऊन आपोआप भरून काढतो. रात्रीत त्यातले ऑइल निघून गेले किंवा आत हवा शिरली, तर सकाळी वरच्या बाजूने हलकी, झपाझप ‘टिक-टिक’ ऐकू येते. अर्थात सर्वच गाड्यांत हायड्रॉलिक टॅपेट नसतात. काही इंजिनांत ही फट मेकॅनिकला हाताने ठरवून द्यावी लागते. तिथला टॅपेटचा आवाज बहुधा ॲडजस्टमेंटचा असतो, ऑइलचा नव्हे.

दुसरा भाग म्हणजे टायमिंग चेनचा टेन्शनर. अनेक इंजिनांत चेन ताणून धरण्याचे काम ऑइलच्या दाबावर पुढे सरकणारा छोटा दट्ट्या करतो. दाब येण्याआधी चेन क्षणभर सैल असते आणि ‘खर्र’ असा धातूचा आवाज येतो. तिसरा भाग म्हणजे व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा, ‘व्हीव्हीटी’. तिचा कॅमशाफ्टच्या टोकावरचा फेजरही ऑइलच्या दाबावर चालतो. त्याची आतली खीळ झिजली असेल, तर सुरुवातीच्या काही सेकंदांत तो खडखडतो.

ठोक्यासारखा खोल आणि जड आवाज, जो इंजिनाच्या खालच्या भागातून येतो, तो मात्र वेगळा. तो क्रँकशाफ्टच्या किंवा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असू शकतो आणि त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

केवळ ब्रँड बदलल्याने आवाज वाढू शकतो का?

वाढू शकतो, पण त्याचे कारण डब्यावरचे नाव नसते, तर डब्यातला फरक असतो. इंजिन ऑइल म्हणजे मूळ तेल आणि त्यात मिसळलेली रसायने. झीज रोखणारी, काजळी धरून ठेवणारी, फेस होऊ न देणारी, तापमान वाढले तरी दाटपणा टिकवणारी अशी ती वेगवेगळी असतात. प्रत्येक कंपनीचे मिश्रण निराळे असते. त्यामुळे एकाच ग्रेडची दोन ऑइल तंतोतंत सारखी नसतात.

किती फरक असू शकतो, हे आकड्यांत पाहता येते. ‘५डब्ल्यू-३०’ मधल्या ‘३०’ या ग्रेडसाठी १०० अंश सेल्सियसला ऑइलचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या दरम्यान असावा लागतो. म्हणजे एक ऑइल या पट्ट्याच्या खालच्या टोकाला आणि दुसरे वरच्या टोकाला असेल, तर दोघांत सुमारे एक-तृतीयांशाचा फरक पडतो. तरीही दोन्ही डब्यांवर ‘५डब्ल्यू-३०’ असेच छापलेले असते. शिवाय १५० अंश तापमानात आणि वेगाने सरकणाऱ्या भागांमधल्या जोरदार ताणाखाली ऑइलचा दाटपणा किती टिकतो, याची वेगळी चाचणी होते. युरोपीय ‘एसीईए’ मानकांतील ‘सी३’ किंवा ‘ए३/बी४’ वर्गातील ऑइलला त्यात किमान ३.५ हा आकडा गाठावा लागतो. इंधन वाचवण्यासाठी बनवलेल्या अनेक ‘५डब्ल्यू-३०’ ऑइलना २.९ पुरतो. इंजिन जुने असेल आणि भागांमधली फट वाढलेली असेल, तर हा फरक कानाला जाणवू शकतो.

मात्र ‘दोन कंपन्यांची ऑइल आत एकमेकांशी भांडतात’ ही समजूत खरी नाही. सर्व्हिसिंगमध्ये जुने ऑइल पूर्ण निघत नाही, थोडे आत राहतेच. प्रमाणित ऑइल दुसऱ्या ऑइलमध्ये मिसळले तरी वेगळे होता कामा नये, याची चाचणी प्रमाणनाचाच भाग असते. म्हणून दोन ब्रँड मिसळले म्हणून इंजिन वाजू लागले, असे सहसा घडत नाही.

‘सिंथेटिक’ या शब्दावरूनही फार काही कळत नाही. अमेरिकेत १९९९ मध्ये मोबिल आणि कॅस्ट्रॉल या कंपन्यांत त्यावरून वाद झाला. खनिज तेलावर कठोर रासायनिक प्रक्रिया करून बनवलेल्या मूळ तेलालाही ‘सिंथेटिक’ म्हणता येईल, असा निर्णय तेथील जाहिरातविषयक स्वनियंत्रण संस्थेने दिला. तेव्हापासून हा शब्द व्यापक अर्थाने वापरला जातो. निवड करताना तो पाहण्यापेक्षा ग्रेड आणि मानक पाहणे अधिक उपयोगाचे.

डब्यावरच्या आकड्यांचा अर्थ काय?

ऑइलच्या दाटपणाचे वर्गीकरण अमेरिकेतील ‘एसएई’ या अभियंत्यांच्या संस्थेने १९११ पासून सुरू केले. ‘५डब्ल्यू-३०’ मधला ‘डब्ल्यू’ म्हणजे ‘विंटर’, अर्थात हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ऑइल थंडीत पातळ राहते. ‘५डब्ल्यू’ ऑइल उणे ३५ अंशांतही पंपाला ओढता आले पाहिजे. ‘१५डब्ल्यू’साठी ही मर्यादा उणे २५, तर ‘२०डब्ल्यू’साठी उणे २० अंश आहे. डॅशनंतरचा आकडा इंजिन तापल्यावरचा दाटपणा सांगतो.

महाराष्ट्रात पारा उणे २० पर्यंत जात नाही. नाशिकजवळच्या निफाडला कडाक्याच्या थंडीत तो पाच अंशांच्या आसपास उतरतो, मुंबईत तेवढाही नाही. मग ‘डब्ल्यू’चा आकडा आपल्याकडे निरर्थक आहे का? नाही. ४० अंशांवरही ‘५डब्ल्यू-३०’ ऑइलचा दाटपणा साधारण ६० ते ७० सेंटिस्टोक असतो आणि ‘१५डब्ल्यू-४०’चा साधारण १०० ते ११५. सकाळच्या गारव्यात ही दरी आणखी वाढते. बारीक वाहिन्या असलेल्या नव्या इंजिनात दाट ऑइल वर पोहोचायला जास्त वेळ घेते आणि तेवढा वेळ टॅपेट व टेन्शनर कोरडे वाजत राहतात.

उलटही घडते. ‘१५डब्ल्यू-४०’साठी बनवलेल्या जुन्या इंजिनात मायलेजच्या आशेने ‘०डब्ल्यू-२०’ भरले, तर ऑइल झटकन पोहोचते, पण तापल्यावर वाढलेल्या फटींतून निसटते. मग इंजिन गरम झाल्यावर, सिग्नलला उभे असताना आवाज येतो. ढोबळ नियम असा : ऑइल गरजेपेक्षा दाट असेल तर आवाज थंड इंजिनात, गरजेपेक्षा पातळ असेल तर गरम इंजिनात वाढतो. अनेकदा मालक ‘ब्रँड बदलला’ असे म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात ग्रेडही बदललेला असतो. बिलावर किंवा रिकाम्या डब्यावर तो तपासणे ही पहिली पायरी.

फिल्टरकडे लक्ष का जात नाही?

ऑइलबरोबर फिल्टरही बदलला जातो, पण चर्चा होते ती फक्त ऑइलची. प्रत्यक्षात सुरुवातीच्या आवाजात फिल्टरचा वाटा मोठा असतो. अनेक फिल्टरमध्ये रबराची किंवा सिलिकॉनची एक लवचीक चकती असते. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधले ऑइल परत चेंबरमध्ये उतरू नये, हे तिचे काम. फिल्टर आडवा किंवा उलटा बसवलेला असेल, तर ही चकती फार महत्त्वाची ठरते. स्वस्त किंवा बनावट फिल्टरमध्ये ती कडक झालेली असते, नीट बसत नाही किंवा नसतेच. मग रात्रीत फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी पंपाला आधी फिल्टर भरावा लागतो, मग इंजिन.

याची खूण सोपी आहे. गाडी तासाभराने पुन्हा सुरू केली तर आवाज नाही, पण रात्रभर उभी राहिल्यावर हमखास दोन-तीन सेकंद खडखड, असा नेम असेल, तर ऑइल काढण्याआधी फिल्टर बदलून पाहावा. तो ऑइलपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. मात्र बदलताना जुन्या फिल्टरचे रबरी गॅस्केट इंजिनाला चिकटून राहिले आणि त्यावरच नवा फिल्टर कसला गेला, तर दाबाने ऑइल अचानक बाहेर फेकले जाऊ शकते. म्हणून फिल्टर बदलल्यानंतर गाडीखाली एकदा नजर टाकणे आवश्यक.

एक अपवाद लक्षात ठेवावा. ऑइल बदलल्यानंतर इंजिन अगदी पहिल्यांदा सुरू करताना फिल्टर कोराच असतो. त्या एका वेळी काही सेकंद आवाज येणे आणि ऑइलचा लाल दिवा क्षणभर जास्त राहणे स्वाभाविक आहे. दुसऱ्या दिवशीही तेच घडले, तर मात्र कारण शोधावे लागते.

ऑइल जास्त भरले तर चालते का?

‘थोडे जास्त असलेले बरे’ हा समज गॅरेजमध्ये रुजलेला आहे. प्रत्यक्षात पातळी खूप वाढली, तर फिरणारा क्रँकशाफ्ट ऑइलमध्ये आपटतो आणि त्याचा फेस होतो. फेस म्हणजे हवा आणि हवा दाबली जाते. टॅपेटमध्ये अशी हवा भरली की तो मऊ पडून वाजतो. पातळी खूप कमी असेल तर पंप ऑइलबरोबर हवा ओढतो आणि परिणाम तोच होतो. म्हणजे एकच आवाज दोन उलट कारणांनी येऊ शकतो.

तपासण्याची पद्धत सरळ आहे. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबावे, डिपस्टिक पुसून पुन्हा घालावी आणि मग पातळी पाहावी. ती दोन खुणांच्या मध्ये असावी, वरच्या खुणेच्या पुढे नको. बहुतेक मोटारींत या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचे अंतर असते. हँडबुकात दिलेले प्रमाण फिल्टरसह वेगळे आणि फिल्टरविना वेगळे असते, हेही पाहावे. गॅरेजमध्ये चार लिटरचा अख्खा डबा ओतला गेला, पण इंजिनाची गरज सव्वातीन लिटर होती, असे होऊ शकते.

जुनी इंजिने ऑइल बदलल्यावरच का वाजू लागतात?

कारण अनेकदा दोष आधीच असतो आणि ऑइल बदलणे हे फक्त निमित्त ठरते. १.३ लिटरचे मल्टीजेट डिझेल इंजिन भारतात अनेक वर्षे मारुती स्विफ्ट, टाटा इंडिका व्हिस्टा, फियाट पुंटो अशा गाड्यांत वापरले गेले. पुण्याजवळच्या रांजणगाव येथील फियाटच्या कारखान्यातही ते बनत असे. त्यात हायड्रॉलिक टॅपेट आणि टायमिंग चेन, दोन्ही आहेत. लाखभर किलोमीटर चाललेल्या अशा इंजिनात चेन लांबलेली किंवा टेन्शनर थकलेला असू शकतो. सकाळची ‘खर्र’ त्यातून येते. नवे ऑइल ती घडवत नाही, फार तर ती एक सेकंदाची दोन सेकंद करते आणि मालकाचे लक्ष तिकडे जाते.

दुसरे कारण गाळ. वर्षानुवर्षे उशिरा ऑइल बदललेल्या इंजिनात काळा गाळ साचतो. नव्या ऑइलमधली साफसफाईची रसायने तो सैल करतात आणि एखादा कण टॅपेटच्या बारीक छिद्रात अडकू शकतो. असा आवाज काही दिवसांत आपोआप जाऊ शकतो किंवा पुढच्या ऑइल बदलानंतर थांबतो. जोरदार ‘फ्लश’ मारून सर्व गाळ एकदम काढण्याचा प्रयत्न अशा इंजिनात धोक्याचा ठरतो. तोच गाळ पंपाच्या जाळीत अडकून ऑइलचा पुरवठा तोडू शकतो.

तिसरी शक्यता तर ऑइलशी संबंधितच नाही. ऑइल काढण्यासाठी खालचे प्लास्टिकचे कव्हर सोडलेले असते. त्याचा एखादा बोल्ट सैल राहिला तरी सुरुवातीच्या थरथराटात ते खडखडते. सायलेन्सरच्या जोडाची गळतीही थंड असताना टॅपेटसारखी टिकटिकते आणि धातू तापून प्रसरण पावला की थांबते. थेट इंधन फवारणाऱ्या पेट्रोल इंजिनांत इंजेक्टरची टिकटिक तर नेहमीचीच असते. नवा ब्रँड भरल्यावर मालक प्रथमच कान देऊन ऐकतो, त्यामुळे जुना आवाजही नवा वाटतो.

दाट ऑइल भरले की आवाज जातो, हा उपाय आहे का?

आवाज कमी होऊ शकतो, बिघाड नाही. अमेरिकेतील दोन उदाहरणे बोलकी आहेत. फोर्डच्या २०१७ ते २०२० या मॉडेल वर्षांतील एफ-१५० ट्रकच्या ३.५ लिटर इकोबूस्ट इंजिनात सकाळी सुरू करताना खडखड येत असे. कारण ऑइल नव्हते, तर व्हॉल्व्हची वेळ बदलणारा फेजर होता. कंपनीने सॉफ्टवेअर बदलणे आणि गरज पडल्यास फेजरच बदलून देणे, असा कार्यक्रम हाती घेतला.

दुसरे उदाहरण जनरल मोटर्सचे. एप्रिल २०२५ मध्ये कंपनीने ६.२ लिटरच्या व्ही-८ इंजिनाच्या सुमारे ६ लाख गाड्या अमेरिकेत परत बोलावल्या. क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडमध्ये निर्मितीतले दोष आढळले होते. तपासणीत दोष सापडलेल्या इंजिनांची दुरुस्ती किंवा ती बदलून देणे आणि तपासणीत उत्तीर्ण झालेल्या इंजिनांत ‘०डब्ल्यू-२०’ऐवजी अधिक दाट ‘०डब्ल्यू-४०’ ऑइल, नवा फिल्टर व नवे ऑइल झाकण, असा उपाय ठरला. ग्रेड बदलला तो कंपनीने, इंजिन तपासल्यानंतर. बिघडलेले इंजिन दाट ऑइलने बरे होईल, असे तिनेही म्हटले नाही. आपल्याकडे मात्र ‘आवाज येतोय? मग २०डब्ल्यू-५० टाका’ हा सल्ला इंजिन न तपासताच दिला जातो. आवाज दबतो आणि झीज चालू राहते.

बीएस-६ डिझेल गाड्यांत ऑइलची निवड आणखी नाजूक आहे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या या मानकामुळे धुरातील कण पकडणारा फिल्टर आला. जास्त राख सोडणारे ऑइल वापरले तर तो कालांतराने तुंबतो आणि त्याची किंमत ऑइलच्या कित्येक पट असते. म्हणून हँडबुकात ‘सी२’, ‘सी३’ असे मानक दिले असेल, तर ते पाळावेच लागते.

दुचाकीत काय वेगळे?

बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. मोटारीसाठीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायने असतात. ती क्लच घसरवू शकतात. यासाठी जपानी ‘जासो’ मानक पाहावे. ओल्या क्लचच्या मोटारसायकलला ‘एमए’ किंवा ‘एमए२’, तर कोरड्या क्लचच्या बहुतेक स्कूटरना ‘एमबी’. रॉयल एनफिल्डच्या अनेक गाड्यांना ‘१५डब्ल्यू-५०’, तर होंडाच्या स्कूटरना ‘१०डब्ल्यू-३०’ सुचवलेले असते. दोन्ही एकाच दुकानात, एकाच फळीवर मिळतात आणि अदलाबदल सहज होते. बुलेटच्या बाबतीत तर पिढीही पाहावी लागते. जुन्या कास्ट आयर्न इंजिनात टॅपेट हाताने ॲडजस्ट करावे लागत. नंतर आलेल्या यूसीई इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आले. त्यामुळे एकाच्या टॅपेटच्या आवाजावरचा उपाय दुसऱ्याला लागू होत नाही.

आवाज किती वेळ राहिला तर काळजी करावी?

निदानासाठी घड्याळ आणि मोबाइल ही सर्वांत स्वस्त साधने. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताना बॉनेट उघडून ध्वनिमुद्रण करावे. मेकॅनिककडे गाडी पोहोचेपर्यंत इंजिन तापलेले असते आणि आवाज गेलेला असतो, त्यामुळे हा पुरावा उपयोगी पडतो.

एक ते तीन सेकंद : लाल दिवा लगेच विझत असेल, तर गाडी चालवता येते. फिल्टर, ग्रेड आणि पातळी तपासावी. आवाजाचा कालावधी आठवडागणिक वाढत असेल, तर चेन व टेन्शनर पाहून घ्यावेत.

इंजिन तापेपर्यंत काही मिनिटे : ऑइलची पातळी, टॅपेट, सायलेन्सरची गळती किंवा थंड पिस्टनची सैल हालचाल यांपैकी काहीही असू शकते. काही दिवसांत मेकॅनिकला दाखवावे.

इंजिन तापल्यावरही सतत : ऑइलचा दाब मोजून घ्यावा. दाब कळवणारा सेन्सर काढून त्या जागी गेज लावले की काही मिनिटांत आकडा मिळतो. अंदाजाने भाग बदलण्यापेक्षा हा खर्च कमी आहे.

खोल ठोका, किंवा लाल दिवा विझत नाही : इंजिन लगेच बंद करावे आणि गाडी टो करून न्यावी. ‘फक्त गॅरेजपर्यंत’ चालवणेही महागात पडू शकते. हा दिवा ऑइलची पातळी कमी आहे, एवढेच सांगत नाही. दाब फार खाली गेला की तो लागतो. म्हणूनच तो विझलेला आहे याचा अर्थ दाब पुरेसा आहे, असाही होत नाही.

आवाज असताना इंजिन रेस करू नये. ऑइल पोहोचण्याआधी वेग वाढवला की झीजही वाढते. सुरू केल्यावर काही सेकंद थांबून हळू निघणे पुरेसे आहे.

दुसऱ्या ब्रँडचे ऑइल वापरल्याने वॉरंटी जाते का?

हा प्रश्न थेट खिशाशी निगडित आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांविरुद्ध सुट्या भागांच्या प्रकरणात आदेश दिला आणि एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. ग्राहकाने बाहेरच्या गॅरेजमध्ये काम करून घेतले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असे आयोगाने त्यात म्हटले होते. या आदेशाला पुढे अपिलांत आव्हान दिले गेले. त्यामुळे प्रत्यक्षात आपल्या वॉरंटी पुस्तिकेतील अटी वाचणे आणि कागद जपणे, हाच सुरक्षित मार्ग.

वाद झाला तर कंपनी पहिल्यांदा विचारते ते ऑइलचा ग्रेड, मानक आणि बदलण्याची तारीख. म्हणून बिलावर नुसते ‘ऑइल चेंज’ नको. ब्रँड, ग्रेड, ‘एपीआय’ किंवा ‘एसीईए’ मानक, लिटर, फिल्टरचा क्रमांक आणि किलोमीटर लिहून घ्यावेत. डब्याचा बॅच क्रमांक दिसेल असे छायाचित्र काढून ठेवावे. तक्रारीची दखल घेतली जात नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

बनावट ऑइलचा धोकाही खरा आहे. नामांकित ब्रँडच्या वापरलेल्या डब्यांत हलके ऑइल भरून विकण्याचे प्रकार पोलिसांनी वेळोवेळी उघडकीस आणले आहेत. अशा ऑइलनंतर येणाऱ्या आवाजाचे खापर त्या ब्रँडवर फुटते, जे डब्यात नव्हतेच. सील आपल्यासमोर तोडायला सांगावे, क्यूआर कोड असेल तर तपासावा आणि रिकामा डबा भोसकून किंवा कापून टाकावा, म्हणजे तो पुन्हा भरला जाणार नाही.

मग जुन्या ब्रँडकडे परतावे का?

ग्रेड आणि मानक हँडबुकाप्रमाणे आहेत, पातळी बरोबर आहे, फिल्टर चांगला आहे, दाब मोजला आहे आणि तरीही आवाज फक्त नव्या ऑइलवरच येतो, अशी खात्री झाली, तर पुढच्या सर्व्हिसिंगला जुन्या ब्रँडकडे परतण्यात गैर काही नाही. एकाच ग्रेडमधला फरक काही इंजिनांना जाणवतो, हे वर पाहिलेच. पण एका वेळी एकच गोष्ट बदलावी. ऑइल, फिल्टर आणि टॅपेट एकाच दिवशी बदलले आणि आवाज थांबला, तर खरे कारण कोणते हे कधीच कळत नाही आणि पुढच्या वेळी तिन्हींचा खर्च पुन्हा करावा लागतो. फिल्टर, पातळी, ग्रेड, दाब आणि शेवटी ब्रँड, हा क्रम पाळला तर बहुतेक वेळा ब्रँडपर्यंत पोहोचण्याआधीच उत्तर सापडते.